मळवलीला उतरून भाजे-कार्ला एका दिवसात

लोणावळ्याजवळची भाजे आणि कार्ला ही बौद्ध लेणी एका दिवसात होतात का? होतात, पण भाजे आधी घ्या. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. भाजे दक्षिणेला, चालत अर्धा-पाऊण तास. चैत्यगृहाची (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाची) लाकडी दर्शनी बाजू नष्ट झाल्यामुळे ते उघडं आहे, सकाळीही आत भरपूर उजेड. तिथूनच परत फिरू नका! पुढे 14 स्तूपांचा समूह आहे आणि त्यापलीकडच्या विहारात (भिक्खूंच्या निवासाच्या लेण्यात) रथातला सूर्य व हत्तीवरचा इंद्र कोरलेले आहेत.

कार्ल्याला दर्शनी भिंत आहे, उजेड मुख्यतः वरच्या गवाक्षातून, म्हणजे मोठ्या कमानदार खिडकीतून येतो. तोंड पश्चिमेला, त्यामुळे छताच्या मूळ लाकडी कमानी दुपारनंतरच छान दिसतात. भाज्याहून कार्ल्याला जायला रिक्षा ठरवा. रविवारी तिथे लेण्यांशेजारच्या एकवीरा देवीच्या दर्शनाची गर्दी असते. लोकल दुपारी विरळ, परतीची वेळ आधीच बघून ठेवा.