पेट्राच्या फोटोतून माणसं खोडावीत का?

वाळूघड्याळ: जॉर्डनला जाऊन आलेल्यांचे हल्लीचे फोटो बघा. पेट्रा या कातळात कोरलेल्या प्राचीन नगरीतल्या अल-खझने या वास्तूसमोर चिटपाखरू नाही! सीकची १.२ किलोमीटरची घळ संपते तिथे सकाळी दादरच्या पुलासारखी रेटारेटी असते, ती गेली कुठे? मोबाइलवर बोट फिरवलं, की गायब. मला हे अजिबात पटत नाही. खझनेची दर्शनी बाजू जवळपास ४० मीटर उंच आहे. पायाशी माणूस नसेल तर ती शोकेसमधली वस्तू वाटते. स्कॉटिश चित्रकार डेव्हिड रॉबर्ट्स १८३९ मध्ये पेट्राला गेला होता. त्याच्याही चित्रांत माणसं आहेत.

तिसरी_घंटा: फोटो म्हणजे पंचनामा नव्हे. एवढे पैसे मोजून गेल्यावर भिंतीवर कोणा अनोळखी माणसाची पाठ आणि सेल्फी स्टिक का लावू? मला हे सगळं कोरणाऱ्या प्राचीन नबातियन कारागिरांचं काम बघायचंय. खोडणार.

उपाशी_बोका: भांडताय कशाला, लवकर उठा. गेट सहाला उघडतं. पण मग ऊन विसरा: खझनेवर थेट ऊन येतं ते साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, आणि नेमके तेव्हाच सगळे बसवाले पोचतात. दुपारनंतर वर डोंगरातल्या अद-देर या दुसऱ्या कोरीव वास्तूकडे चढा. आठशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्यामुळे गर्दी आपोआप गळते आणि ऊनही समोरून मिळतं. नाहीतर ट्रायपॉड, उजेड अडवणारा दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवरची काळी काच), अर्ध्या मिनिटाचं शटर. चालणारे विरघळतात, बसलेला उंट मात्र बसूनच राहतो. आता हीसुद्धा खोडाखोडच का, हे धागाकर्त्यांनी सांगावं.

वाळूघड्याळ: पर्यटक विरघळले तर माझी फारशी तक्रार नाही. पण त्याच बोटाखाली चहा विकणारी, इथल्या बदूल या बेदुइन जमातीतली बाईही जाते ना. हे लोक इथल्याच गुहांमध्ये राहायचे. १९८५ मध्ये पेट्रा जागतिक वारसा यादीत आलं, आणि त्याच सुमारास त्यांना उम्म सैहून गावात हलवलं. आता फोटोतूनही हुसकायचं?

खडूस_काका: माणूस फ्रेममध्ये ठेवला म्हणजे त्याला मान दिला, हा भ्रम आधी काढा. फ्रेंच लेखक माक्सिम द्यु काँ १८४९-५० मध्ये इजिप्तचे फोटो काढत फिरला. उंची कळावी म्हणून आपल्या नावेवरच्या खलाशाला तो अवशेषांवर उभा करायचा. बिचारा हलू नये म्हणून त्याला काय सांगितलं होतं? कॅमेऱ्याची पितळी नळी ही तोफ आहे, हललास तर गोळे सुटतील! ही तुमची 'माणसासकट' फोटोग्राफी. मोजपट्टी म्हणून उभं करण्यापेक्षा खोडलेलं बरं. तुम्ही त्या चहावालीला विचारलं होतं का?

वाळूघड्याळ: विचारलं होतं. 'नको' म्हणाली. मग फक्त काळवंडलेली किटली आणि मागे दगडाचे तांबडे-पिवळे पट्टे एवढंच घेतलं.

तिसरी_घंटा: म्हणजे तुमच्याही फोटोत माणूस नाहीच की हो!