सहलीची तारीख पंचांग बघून ठरवू या

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या सोसायटीची वार्षिक सहल जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी. ट्रॅव्हल्सवाल्याचा प्लॅन असा : सकाळी उक्षी आणि जांभरूणची कातळशिल्पं (कातळावर कोरलेली जुनी चित्रं), मग देवाचं गोठणं, बारसू, येताना कशेळी आणि शेवटी भाट्याच्या खाडीत बोटीतून फेरी. कोणाची हरकत असल्यास कळवावे.

ब-२०४ काका: एका दिवसात एवढं? अर्धा दिवस गाडीतच जाईल हो.

क-३०२: काका, ही सगळी कातळशिल्पांची ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. बाहेरची माणसं बघायला येतात आणि आपण रत्नागिरीत राहून अजून बघितलेली नाहीत.

ब-२०४ काका: बघायचीच आहेत रे. पण धावत नकोत.

अ-१०३ ताई: सेक्रेटरीसाहेब, माझी हरकत आहे. जरा लांब लिहिते, वाचा.

चार ठिकाणं काढून टाका, एक सडा (कातळाचं पठार) आणि एक खाडी ठेवा. सकाळी काजळी नदीची म्हणजे भाट्याचीच खाडी, संध्याकाळी कशेळी. भाट्याचा पूल ओलांडला की पावस, पूर्णगड, गावखडी करत आपण थेट कशेळीला पोचतो, उलटंसुलटं फिरावं लागत नाही.

आता वेळेचं. भर दुपारी सड्यावर गेलात तर पायाखाली चित्र असून दिसणार नाही. रेषा उथळ, जांभा काळवंडलेला, ऊन डोक्यावर. उन्हं कलली की रेषेच्या कडेला सावली पडते आणि आकार उठून येतो. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, त्याच्या अंगाच्या आत कितीतरी लहान प्राणी कोरलेत. तो उभ्या उभ्या बघून होत नाही. साडेचारला पोचायचं आणि सूर्य बुडेपर्यंत तिथंच थांबायचं.

खाडी मात्र आपल्या सोयीने चालत नाही. ओहोटी असेल तरच बायका शिंपल्या काढायला चिखलात उतरतात. भरतीला बोटीतून फिरलात तर नुसतं पाणी आणि तिवरांचे शेंडे बघून परत याल.

क-३०२: ताई, मग ओहोटी किती वाजता?

अ-१०३ ताई: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीयेला दुपारी दीड वाजता भरती, म्हणजे सहा तास आधी, सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शिवाय पुनवेनंतरचं उधाण असतं, ओहोटीला पाणी खूप मागे हटतं, एरवी न दिसणारा चिखल उघडा पडतो. म्हणून म्हणते, पौष वद्य द्वितीया धरा. सहा-साडेसहाला निघालो की झालं. अष्टमीला हीच ओहोटी दुपारी बाराला आणि भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी, बायका उतरतील की नाही तेही सांगता येत नाही.

सेक्रेटरी: पण द्वितीया रविवारी नसली तर? नोकरीवाल्यांचं काय?

अ-१०३ ताई: एक रजा काढावी लागेल, हे खरं. पण त्या बायकांना आपल्या रविवारासाठी पाणी थांबवता येत नाही.

ड-४०१ काकू: वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात. २०१७ पासून. स्वतः होडी वल्हवतात, झाडं ओळखायला शिकवतात. आपल्याकडे तसं काही जमेल का?

अ-१०३ ताई: काकू, अगदी हेच माझ्या मनात होतं. ट्रॅव्हल्सच्या गाइडला जे पैसे देणार, ते गावात देऊ. खाडीवर शिंपल्या काढणाऱ्या दोघीतिघींना आधी भेटून विचारू, त्यांचा त्या सकाळचा धंदा बुडतो त्याचा मोबदला ठरवू. त्यांनी नको म्हटलं तर लांबून बघायचं, फोटो काढत मागे लागायचं नाही. कशेळीला ग्रामपंचायतीत फोन करून गावातलाच वाटाड्या घेऊ. सडा कोणाच्या तरी मालकीचा असतो, त्यांच्या कानावर घातलेलं बरं.

ग-००२ आजी: माझ्या माहेरी खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भात होता. बांधाला उघाडी, पाण्याची झडप, असायची. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जायचं, भरती आली की फळी आपोआप बंद. बांध फुटला की शेतात खारं पाणी, मग कुठलं भात! रात्रीबेरात्री गाव बांधावर धावायचा. पोरांना हे दाखवा गो.

अ-१०३ ताई: आजी, तुम्ही पहिल्या सीटवर. चालता येईल तिथपर्यंत चला, वाटेत खाजण दिसलं की तुम्हीच सांगा.

ब-२०४ काका: मला एक कळत नाही. खाडी आणि कातळशिल्पं यांचा एकमेकांशी संबंध काय? दोन वेगळ्या सहली कराव्यात.

अ-१०३ ताई: काका, कोकणातल्या या चित्रांत हत्ती-वाघ आहेत, आज इथे औषधालाही न सापडणारा गेंडा आहे, आणि मुशी (शार्क), चपटी पाकट असे मासेही आहेत. वर सड्यावर कोरणाऱ्याने खाली पाण्यात काय पोहतं ते नीट पाहिलेलं होतं. त्याचं नाव, भाषा, काही आपल्याला माहीत नाही, पण पाकट आजही मासळीबाजारात येते. सकाळी खाडीचा चिखल तुडवलेला माणूस संध्याकाळी त्या दगडाकडे वेगळ्या नजरेने बघतो, असं मला मनापासून वाटतं.

ब-२०४ काका: हे पटलं.

क-३०२: देवाचं गोठणं नाहीच का? तिथं होकायंत्राचा काटा फिरतो म्हणे!

अ-१०३ ताई: फिरतो, खडकाच्या चुंबकत्वामुळे. पण ते राजापूरकडे आहे, बारसूसोबत वेगळा दिवस काढून जाऊ. आणि पोरांना आत्ताच सांगून ठेवा, फोटोत रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवायचा नाही, पाणी ओतायचं नाही, चित्रावर चपला घालून चढायचं नाही.

ड-४०१ काकू: जेवणाचं?

अ-१०३ ताई: पावसला घरगुती सांगू. तिसऱ्या शिंपल्यांचं एकशिपी, तांदळाची भाकरी, सोलकढी. शाकाहारींना कुळथाचं पिठलं. जेवून दोन तास सावलीत पडायचं, उन्हात कुठे जायचं नाही.

सेक्रेटरी: ठीक. तारीख पौष वद्य द्वितीया, ठिकाणं दोनच. ट्रॅव्हल्सला फक्त गाडी सांगतो. ताई आणि ड-४०१ काकूंनी येत्या आठवड्यात खाडीवर जाऊन बोलून यावे. नावं माझ्याकडे द्या. जुने बूट आणि एक जोडी जादा कपडे प्रत्येकाने आणावेत.