बक मॉड्यूल: आत ०.८ अँपिअर, बाहेर १.५ अँपिअर, हे कसं?

वायरगुंता (प्रश्न):
१२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, पुढे एलएम२५९६ चिपचं बक मॉड्यूल (व्होल्टेज खाली आणणारा छोटा बोर्ड) ५ व्होल्टवर. लोड म्हणजे डब्ल्यूएस२८१२बी एलईडींची (प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन) ६० नगांची एक मीटर पट्टी आणि ती चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड ईएसपी३२. ब्राइटनेस कमी ठेवला की मीटर इनपुटला ०.८ आणि आउटपुटला १.५ अँपिअर दाखवतो. जास्तीचा करंट येतो कुठून? आणि मॉड्यूलवर ३ अँपिअर लिहिलेलं असूनही पूर्ण पांढऱ्या रंगावर पट्टीचं टोक लालसर पडतं, ईएसपी रीसेट होतो.

फेराइट:
मीटर बरोबर आहे. ताळा पॉवरचा लावा, करंटचा नको. बाहेर ५ × १.५ = ७.५ वॅट, आत १२ × ०.८ = ९.६ वॅट. म्हणजे कार्यक्षमता ७८ टक्के. या चिपकडून १२ वरून ५ व्होल्ट करताना साधारण एवढीच मिळते. आतला स्विच साधारण निम्मा वेळच चालू असतो आणि तेवढाच वेळ अडॅप्टरमधून करंट ओढला जातो. उरलेला वेळ कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा डायोडमार्गे लोडला करंट पुरवत राहते.

३ अँपिअर हा आकडा मात्र मर्यादेचा आहे. मॉड्यूल करंट ढकलत नाही, लोड ओढतो. पूर्ण पांढऱ्यावर एक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, म्हणजे पट्टीलाच ३.६ अँपिअर लागतात. ईएसपी वेगळा.

सोल्डरधूर:
त्यात भर म्हणजे हीटसिंक नसेल तर हे मॉड्यूल सलग २ अँपिअरच्या पुढे नेऊच नये. २ अँपिअरला अडीच वॅट उष्णता चिप, डायोड आणि कॉइल मिळून त्या इवल्याशा बोर्डवर सोडतात. चिप फार तापली की स्वतःच बंद पडते, गार झाली की परत सुरू होते.

चिप खरी आहे का, तेही बघाच. एलएम२५९६ १५० किलोहर्ट्झवर चालते. ३३ मायक्रोहेन्रीच्या कॉइलवर रिपल करंट (स्विचच्या चालू-बंदसोबत होणारा करंटचा चढउतार) साधारण ०.६ अँपिअर येतो, म्हणजे २ अँपिअर लोडला शिखर २.३. स्वस्त मॉड्यूलांवरच्या बऱ्याच नकली चिप ५० किलोहर्ट्झच्या आसपास चालतात. तिथे रिपल तिप्पट, जवळपास १.८, आणि शिखर २.९ वर जातं. लहान कॉइल सॅच्युरेट झाली (तिच्या गाभ्याची चुंबकीय क्षमता संपली) की करंट एकदम उसळतो. चिपच्या पिन २ वर (स्विचचं आउटपुट) फ्रीक्वेन्सी मोजली की कळतं. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच.

फेराइट:
टोक लालसर पडण्याचं कारण वेगळं: व्होल्टेज ड्रॉप. निळ्या आणि हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून पुरवठा घसरला की आधी ते मंदावतात. २२ गेजची एक मीटर वायर, जाऊन-येऊन ०.१ ओहमच्या वर, २.५ अँपिअरला पाव व्होल्ट तिथेच गेलं. जाड वायर घ्या, पट्टीला दोन्ही टोकांनी ५ व्होल्ट द्या आणि सुरुवातीला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

वायरगुंता:
दोन मॉड्यूलांचे आउटपुट जोडले तर चालेल का?

सोल्डरधूर:
नाही. दोघांचं व्होल्टेज कधीच तंतोतंत सारखं नसतं. ज्याचं किंचित जास्त, तोच जवळजवळ सगळा लोड उचलतो. त्यापेक्षा पट्टीची ५ व्होल्टची लाइन मधोमध तोडा, डेटा आणि ग्राउंड सलग ठेवा, ३०-३० एलईडी एकेका मॉड्यूलवर द्या. प्रत्येकी १.८ अँपिअर होतात. पण मग इनपुटला जवळपास १.९ अँपिअर लागतील, तेव्हा अडॅप्टर ३ अँपिअरचा घ्या आणि ईएसपीला तिसरं छोटं मॉड्यूल. खर्च नको असेल तर डब्ल्यूएलईडीमध्ये (ईएसपीवरून पट्टी चालवणारं सॉफ्टवेअर) करंटची मर्यादा १५०० मिलिअँपिअर टाका, आहे त्यावर भागेल.

जोडण्याआधी मॉड्यूल तपासा: ४.७ ओहम १० वॅटचे दोन रेझिस्टर समांतर, म्हणजे २.१ अँपिअर. अर्धा तास चालू ठेवून आउटपुट स्क्रूवरच व्होल्टेज बघत राहा. ते हळूहळू उतरलं किंवा थांबून-थांबून आलं, तर ते मॉड्यूल १ अँपिअरच्या कामालाच ठेवा. रेझिस्टर चांगलेच तापतात, लाकडावर ठेवू नका.