जेमोनियन पायऱ्या : पाटी लावावी की नको?

रिकामटेकडा प्रवासी
रोमला कॅपिटोलिन टेकडीवरून फोरमकडे (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाकडे) उतरत होतो. मामर्टाइन तुरुंगाच्या बाजूच्या पायऱ्यांवर मंडळी निवांत जेलातो (इटालियन आइसक्रीम) चाटत बसलेली. याच उतारावर कुठेतरी 'स्काले जेमोनिए', म्हणजेच जेमोनियन पायऱ्या, होत्या. तुरुंगात गळा आवळून मारलेल्यांची प्रेतं लोकांना दिसावीत म्हणून तिथे टाकत, मग लोखंडी आकड्याने ओढत टायबर नदीत. इसवी सन ३१ मध्ये, १८ ऑक्टोबरच्या सकाळी सेजानस सम्राटाखालोखालचा माणूस होता. सम्राट टायबेरिअसचं काप्री बेटावरून आलेलं पत्र सेनेटमध्ये वाचलं गेलं आणि त्याच दिवशी सेजानसला संपवलं. जमाव तीन दिवस प्रेताची विटंबना करत होता. अशा जागी मला साधी पाटीही दिसली नाही. असायला नको?

विटेकरी
पाटी कशावर ठोकणार? त्या पायऱ्यांचा म्हणून ओळख पटलेला एक दगड नाही. तुरुंग आणि कॉनकॉर्डचं मंदिर यांच्या आसपास, एवढंच जुन्या लेखकांवरून कळतं. तुम्ही पाहिल्यात त्या पायऱ्या नंतरच्या. त्यात मुसोलिनीच्या काळात रस्त्यासाठी टेकडीच्या कडेचा सगळा परिसर उकरून काढलेला.

सोनचाफा
दगड नसेना, गोष्ट तर आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो, सन २८ मध्ये टिटिअस साबिनसला मारलं तेव्हा त्याचा कुत्रा प्रेतापासून हलेना, नुसता विव्हळत होता. गर्दीतल्या कोणी खायला टाकलं तर त्याने ते मेलेल्या धन्याच्या तोंडाशी नेलं. प्रेत नदीत टाकल्यावर हाही मागोमाग उडी मारून ते वर धरू पाहत होता. प्लिनी या पायऱ्यांना 'कण्हण्याच्या पायऱ्या' म्हणतो.

विटेकरी
नीट वाचा ताई. साबिनसबरोबर त्याचे गुलामही मारले गेले आणि कुत्रा त्यांच्यातल्या एकाचा होता. साबिनसच्या नावावर सगळे खपवतात.

सोनचाफा
चुकलंच. पण मग पाटी हवीच की! सेजानसला लिहिणारे पुष्कळ मिळाले. त्या गुलामाचं नावसुद्धा प्लिनीने दिलेलं नाही.

उंटावरचा शहाणा
मला हा पाटीचा सोस कळत नाही. प्रेतं तिथे टाकायची ती लोकांनी बघावीत म्हणूनच. सन ६९ च्या डिसेंबरात पदच्युत सम्राट व्हिटेलिअसला हात मागे बांधून तिथे आणलं, तेव्हा मान खाली घालू नये म्हणून तलवारीची टोकं लावली होती. आपले पुतळे कोसळताना त्याला बघायला लावलं. उद्या पाटी लावलीत की तिथे सेल्फीची रांग! जेलातो खाणारेच बरे.

रिकामटेकडा प्रवासी
कोलोसियममध्ये तिकीट काढून काय बघतो आपण? तिथे नाही वाटत लाज? मला एवढंच लिहिलेलं चालेल : 'इथे कुठेतरी.'

विटेकरी
'इथे कुठेतरी' अशी पाटी कुठलीच नगरपालिका लावत नसते हो.