एफ(आर) गुरुत्वाकर्षण (आइन्स्टाइनच्या सिद्धांताचं सुधारित रूप): विश्वाचं प्रसरण लॅम्डा-सीडीएम या प्रमाण प्रारूपासारखंच, मग फरक कुठे शोधायचा?

कक्षा४२:
एफ(आर)च्या हू-साविकी प्रारूपात घातांक १ आणि एफ-आर-शून्य (गुरुत्व आज किती बदललंय याचं माप, चिन्ह सोडून) १ लाखांश घेतलं. हबल-आलेख (प्रसरणाचा वेग काळानुसार) लॅम्डा-सीडीएमवर तंतोतंत बसतो, सुपरनोव्हांच्या अंतरांतही फरक नाही. पण रेषीय कोड (घनतेतले चढउतार लहान धरणारा) चालवला की के = १ (एच प्रति मेगापार्सेक; के मोठा म्हणजे अंतर लहान) इथे पॉवर स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या अंतरावर पदार्थाचे किती पुंजके याचा आलेख, बराच वर जातो. ही वाढ खरी धरायची का?

अदिश:
के ०.१ च्या पुढची धरू नका. एफ(आर)मध्ये जादा बल वाहणाऱ्या अदिश क्षेत्राचा पल्ला तुमच्या एफ-आर-शून्यच्या किमतीला साधारण १० मेगापार्सेक येतो. त्याच्या आत गुरुत्व ४/३ पट होतं, म्हणून आलेख वर जातो. पण जिथे न्यूटनीय विभव (सी-वर्गाने भागून) एफ-आर-शून्यच्या दीडपटीहून मोठं असतं, तिथे चॅमेलिअन यंत्रणा (दाट जागी अदिश क्षेत्राचा पल्ला आखूड होणं) हे जादा बल दाबते. रेषीय समीकरणात ती येतच नाही, त्यामुळे वाढ फुगलेली दिसते. हॅलोफिटही (लहान अंतरांवरच्या पॉवर स्पेक्ट्रमचं तयार सूत्र) जोडू नका, तो लॅम्डा-सीडीएमवरच बेतलेला आहे. एन-बॉडी सिम्युलेशन (असंख्य कणांची संगणकीय नक्कल) किंवा त्यावर बांधलेला एम्युलेटर (तिचे निकाल झटपट अंदाजणारा) लागेल.

आणि मुळात तुमची किंमतच मोठी आहे. सूर्याच्या पृष्ठभागावर विभव १० लाखात २, आकाशगंगेचं १० लाखात १ च्या घरात. तुमची मर्यादा (एफ-आर-शून्यची दीडपट) १० लाखात १५! म्हणजे सूर्यमालेत जादा बल दबत नाही, गॅमा (वस्तुमान अवकाश किती वाकवतं याचं माप, आइन्स्टाइनच्या सिद्धांतात १) १/२ कडे जातो. कॅसिनी यानाच्या २००३ च्या मोजमापानुसार तो १ पासून काही लाखांशांपेक्षा जास्त ढळत नाही. १० लाखात १ पासून खाली या.

लेन्सकर:
अदिश यांच्याशी सहमत. फरक शोधायचा तर दीर्घिकांचे वेग आणि लेन्सिंग (गुरुत्वाने प्रकाश वळणं) एकत्र मोजा. प्रकाशाला हे जादा बल जवळपास जाणवत नाही, दीर्घिकांना जाणवतं. ई-जी या (लेन्सिंग भागिले वेग) गुणोत्तरात दीर्घिकांचा बायस (पदार्थाच्या तुलनेत त्या किती जास्त दाटतात) रद्द होतो, ही मोठीच सोय. पुंजक्यांच्या वाढीचा दर चढला की ई-जी घटतं.

न्यूट्रिनोंचं वस्तुमान मात्र मोकळं सोडा. ते लहान अंतरांवरची वाढ दाबतं, एफ(आर) उचलतं. वस्तुमान शून्यावर ठेवलं तर एफ-आर-शून्यवरची मर्यादा खोटी कडक येते.

कक्षा४२:
१७ ऑगस्ट २०१७ च्या गुरुत्वलहरींमुळे (त्या आणि त्याच घटनेचा प्रकाश जवळपास एकत्र पोचले) काही बंधन?

अदिश:
एफ(आर)वर नाही, इथे लहरी प्रकाशवेगानेच जातात. त्या मोजमापाने चतुर्थ आणि पंचम गॅलिलिऑनसारखी (लहरींचा वेग बदलणारी सुधारित गुरुत्वाची) प्रारूपं अडचणीत आली.