न्यूजरूमचा दुसरा सीझन स्किप करू नका!

एका न्यूज चॅनलच्या टीमची गोष्ट सांगणाऱ्या 'द न्यूजरूम' या अमेरिकन सिरीजचा दुसरा सीझन रटाळ आहे, पहिला बघून थांबलात तरी चालेल असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटलं नाही. मुळात या सिरीजवरचा मोठा आक्षेप हा की डीपवॉटर होरायझनच्या तेलगळतीसारख्या २०१० च्या खऱ्या बातम्या २०१२ मध्ये बसून 'बरोबर' करून दाखवणं सोपं असतं, आणि तो आक्षेप बऱ्यापैकी रास्त आहे. पण दुसऱ्या सीझनमध्ये न्यूजरूममधली हीच हुशार मंडळी तोंडावर आपटतात ना! अमेरिकन सैन्याने सरीन हा विषारी वायू वापरला ही 'जिनोआ' या काल्पनिक मोहिमेची बातमी महिनोन्महिने तपासून दाखवतात आणि ती खोटी निघते. हे हवेतून आलेलं नाहीये, सीएनएनने १९९८ मध्ये ऑपरेशन टेलविंड या अमेरिकन लष्करी मोहिमेवर असाच रिपोर्ट दिला होता, लाओसमध्ये १९७० साली सरीन वापरल्याचा, आणि महिन्याभरात मागे घ्यावा लागला.

जिनोआच्या बातमीतला इंटरव्ह्यू एडिट केलाय हे मागच्या टीव्हीवर चाललेल्या बास्केटबॉल मॅचच्या घड्याळावरून शोची प्रोड्यूसर मॅकेन्झीच्या लक्षात येतं तो सीन तर कमाल आहे, आकडा मधेच उडी मारतो आणि सगळं कोसळतं.

पहिल्या सीझनमधला, गोळीबारात जखमी झालेल्या अमेरिकन खासदार गॅबी गिफर्ड्सचा एपिसोडही भारीच, बाकी चॅनल्स तिला मृत घोषित करतात आणि हे लोक प्रेशर असूनही थांबतात, जानेवारी २०११ मध्ये खरंच एनपीआर, सीएनएन वगैरेंनी ती चूक केली होती. प्रेमप्रकरणं मात्र खुशाल फॉरवर्ड करा.