मदत हवी आहे: खानावळीसाठी चिकन घेताना कोंबडीचे हाल कमी कसे करता येतील?

नमस्कार मंडळी,

मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात आमची घरगुती खानावळ आहे, वर पाहुण्यांसाठी दोन खोल्या. रांधप आईकडे, बाजारहाट माझ्याकडे. मासळी हाच मुख्य धंदा, पण कोंबडी-वडे खाल्ल्याशिवाय पाहुणे हलत नाहीत. शिवाय 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा सगळा भार चिकनवर. येत्या हंगामासाठी चिकन कुणाकडून घ्यायचं ते ठरवतोय. भाव आणि ताजेपणा मला कळतो. अडलंय ते दुसरीकडेच.

ज्या प्राण्याचं मांस आपण विकतो त्याचे निदान फुकटचे हाल होऊ नयेत, एवढंच म्हणणं आहे. चिकन बंद करायचा विचार नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर त्यावरच धागा शंभरी गाठेल.

आत्ता बाजारातल्या दुकानातून ब्रॉयलर घेतो. गाडी घाटावरून रात्री येते. दुकानातला पिंजरा तीन मजली, वरच्यांची घाण खालच्यांच्या अंगावर. कापणारा पोरगा हात घालतो, जो पंख सापडेल तो धरून बाहेर ओढतो, मानेवर सुरी फिरवतो, पक्षी निळ्या ड्रममध्ये टाकतो आणि झाकण लावून पुढच्या गिऱ्हाइकाला विचारतो, "स्किन काढू ना?" ड्रम आतून बडबडत असतो. हे सगळं पिंजऱ्यापासून दोन हातांवर.

पाहुणे म्हणतात गावठी असेल तरच द्या. त्यांच्या डोळ्यांसमोर अंगणात उकरणारी कोंबडी असते आणि ती खोटी नाही. पण आठवडी बाजाराच्या सकाळी रस्त्यावर उभं राहून बघा. पाय बांधलेल्या कोंबड्यांचे झुबके मोटरसायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी उलटे टांगलेले, डोकी चाकापासून वीतभर. बाजारात त्याच अवस्थेत उन्हात पडून. म्हणजे आयुष्य बरं, शेवटचा दिवस वाईट. ब्रॉयलरचं दोन्ही वाईट, की माझा काही गैरसमज आहे?

तिसरा पर्याय कंपनीचं पॅकबंद चिकन. तिथे काय चालतं ते दिसत नाही, म्हणून मनाला बरं वाटतं. पण ते काही उत्तर नव्हे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आहे त्यांनी सांगा: पाचपन्नास किलोच्या गिऱ्हाइकाने काय विचारायचं, काय बघायचं? आणि आपल्या विचारण्याने काही फरक पडतो का? गावठी परवडायला दुपटीहून महाग पडते, तरी आठवड्यातून एखाद दिवस ठेवू शकतो.

झिलगो
तुका कोंबडी खावची नाय, विकूची आसा. मगे इतको इचार कित्याक? कोंबड्याक इचारलंस तर तो म्हणतलो, माका वड्यांवांगडा नको! बाकी धागो बरो आसा, वाचतंय.

शेडवाला रायगडकर
कंपनीच्या करारावर ब्रॉयलर वाढवतो, तेव्हा माझ्या बाजूचं सांगतो. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, मजुरी आमची. मोबदला किलोमागे ठरलेला, त्यात किती खाद्यात किती वजन निघालं त्यावर कमीजास्त. त्यामुळे शेजारच्या गावातल्या शेडवरून थेट पक्षी घ्यायचा बेत असेल तर सोडा. करारावरचे पक्षी आमचे नसतातच, विकायचे कुठून?

हार्मोनच्या इंजेक्शनच्या गप्पा सोडून द्या. हजारो पक्ष्यांना एकेक करून टोचत कोण बसणार? 40 ग्रॅमचं पिल्लू साधारण 40 दिवसांत दोन किलोच्या वर जातं ते जातीमुळे आणि खाद्यामुळे. हाल बघायचेत तर त्या वाढीतच बघा. शेवटच्या आठवड्यात छाती इतकी भरते की पाय पेलत नाहीत, पक्षी खाद्याच्या भांड्यापाशी बसून राहतो. एका पक्ष्याला जेमतेम एक चौरस फूट जागा. खाली भाताचा तूस असतो, पावसात तो ओला झाला की अमोनियाने डोळे चुरचुरतात, पक्ष्यांचे आणि आमचेही. मे महिन्यात दुपारी वीज गेली, पंखे थांबले की पक्षी पटापट मरायला लागतात. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड ठेवते, आणि कोकणातल्या दमट हवेत तेही नीट जमत नाही. तेव्हा आमच्या पोटात गोळा येतो तो पैशाचाही असतो, खोटं कशाला बोलू.

एक मात्र ध्यानात घ्या, ब्रॉयलर पिंजऱ्यात वाढत नाही, शेडमध्ये मोकळा असतो. पिंजऱ्यातली ती अंड्यांची कोंबडी. खरी मोडतोड पकडणीच्या रात्री होते. पकडणारे एका हातात चार-चार पाय धरून उचलतात, क्रेटमध्ये कोंबतात. त्यांना गाडी भरण्याचे पैसे मिळतात, त्यामुळे हळू कोण करणार? तंगड्या आणि पंख मोडतात ते तिथे, आणि नंतर दुकानात.

निवगूर
बजावलंत तरी लिहितो. तुमच्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी जण दुसरं काही नाही म्हणून चिकन मागत असतील. वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं ही काही नवी टूम नाही, आपल्याकडे चालत आलेली जोडी आहे. फणसाची भाजी, ओल्या काजूगरांची उसळ ही तर हंगामात हातोहात संपेल. फळ्यावर चिकनच्या खाली नको, वर लिहा. चार कोंबड्या कमी लागल्या तर त्या चौघींचे हाल शून्य. त्याहून कमी कोणत्या दुकानात मिळणार?

आडवळणी
निवगूर, सहमत, पण अंडी खात असाल तर एक लक्षात ठेवा: अंड्यांच्या जातीत नर पिल्लू अंडं देत नाही आणि मांसही धरत नाही, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी मारतात.

धागाकर्ते, जीव मोजायचे असतील तर मटणाचाही हिशेब करा. एका बकऱ्याचं 10-12 किलो मांस, ब्रॉयलरचं साफ करून सव्वा-दीड किलो. म्हणजे एका बकऱ्याच्या जागी आठेक कोंबड्या. 'मटण सोडून चिकनवर आलो' असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे गणित सहसा केलेलं नसतं.

खानावळवाला (धागाकर्ता)
सांबाऱ्याची सूचना आईला वाचून दाखवली, ती म्हणाली मी हे गेल्या पावसाळ्यापासून सांगतेय. फळ्यावर वर लिहितो. मटणाचं गणित पटलं, पण भावाने मारलं. तेवढ्या थाळ्या आमच्याकडे खपत नाहीत.

शेडवाले, आभार. म्हणजे वाढीच्या बाबतीत मी गिऱ्हाईक म्हणून जवळजवळ काहीच करू शकत नाही, पण दुकानातल्या शेवटच्या दिवसाबद्दल करू शकतो. बरोबर?

पशुवैद्य
बरोबर, आणि तो शेवटचा दिवस लहान समजू नका.

आधी कायदा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम 1960 चा. त्याच्या कलम 11 प्रमाणे जनावराला विनाकारण वेदना होतील अशा तऱ्हेने नेणं हा गुन्हा आहे, आणि त्यात कोंबडी येते. हँडलला उलटं टांगणं सरळ त्यात बसतं. पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. एवढ्यात बाजारातला चहासुद्धा दोघांचाच होतो. कत्तलखान्यांचे 2001 चे नियम सांगतात की एका जनावरासमोर दुसरं कापू नये. तुमच्या दुकानातले दोन हात आठवा. 2017 मध्ये विधी आयोगाने 269 वा अहवाल खास अंड्यांच्या कोंबड्या आणि ब्रॉयलर यांवर दिला, सोबत नियमांचे मसुदेही जोडले. तेव्हा कायद्याचा धाक दाखवायला जाऊ नका, दुकानदार हसेल. तुमचं रोजचं गिऱ्हाईक असणं हाच तुमच्या हातातला धाक.

दुकानात जाऊन पिंजऱ्यासमोर पाच मिनिटं नुसते उभे राहा. पाण्याचं भांडं आहे का, आणि त्यात पाणी आहे का? किती पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकतात? किती उभे राहतात, किती फतकल मारून बसलेत? उचललेल्या पक्ष्याच्या तंगडीच्या सांध्यावर काळपट चट्टा दिसला तर तो ओल्या तुसावर बसून राहून भाजलेला असतो, म्हणजे शेडच खराब होती. मांसावर, विशेषतः पंखाच्या आणि तंगडीच्या मुळाशी, लालजांभळे डाग असतील तर ते जिवंतपणीचे मुके मार आहेत. असे डाग दिसले की माल परत करा आणि कारण सांगून परत करा. दोनचारदा तसं झालं की दुकानदार पोराच्या हातावर लक्ष ठेवतो. धंद्याच्या भाषेत सांगितलेलं त्याला लगेच समजतं.

कापण्याबद्दल. हलाल की झटका हा वाद इथे आणू नका, हाल कमी होणं हातावर आणि सुरीवर जास्त अवलंबून आहे. सुरी धारदार, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एकाच फिरवण्यात कापलेल्या, तर शुद्ध लवकर हरपते. एकच बाजू कापली गेली तर पक्षी बराच वेळ शुद्धीवर असतो, तुमचा ड्रम वाजतो त्यातलं काही त्याचं असतं. काही फडफड शुद्ध गेल्यानंतरचीही असते, तेवढ्यावरून ठरवू नका. ड्रमऐवजी पत्र्याचा शंकू मिळतो. पक्षी त्यात डोकं खाली करून बसतो, पंख आवळलेले राहतात, आपटत नाही, हाडं मोडत नाहीत, रक्तही नीट निथळतं. भिंतीला चार शंकू लावायला फार खर्च नाही. पिंजऱ्याच्या आणि शंकूच्या मध्ये एक पडदा. तुम्ही हंगामाची खात्री दिलीत तर हे दोन्ही करणारा दुकानदार सापडेल.

आणि मागणी आदल्या दिवशी द्या. आयत्या वेळी मागणाऱ्यांसाठीच दुकानदार पिंजरा भरून ठेवतो, पक्षी त्यात दोन-दोन दिवस काढतात. गाडी आली त्याच सकाळी तुमचे पक्षी कापून झाले तर त्यांचे तेवढे तास वाचले.

पॅकबंद मालाबद्दल: मोठ्या प्रकल्पात कापण्याआधी विजेच्या धक्क्याने बेशुद्ध करतात, नीट झालं तर ते दुकानापेक्षा बरं. पण पाकिटावरचं 'अँटिबायोटिकमुक्त' हे शब्द औषधाबद्दल आहेत. पक्षी कसा वाढला, किती जागेत वाढला, याबद्दल त्यातून काही कळत नाही.

परसातली
मी कुडाळ भागात गावठी पाळते, थोड्याच. शहरातले लोक गावठीला फार सुखी समजतात म्हणून लिहिते. दहा पिल्लं निघाली तर निम्मी मोठी होतात. घार, मुंगूस, रानमांजर, आणि पावसाआधी मर आली तर खुराडं एका आठवड्यात रिकामं. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस, लासोटा, डोळ्यात थेंब टाकायचा असतो, पण कुपी शंभर पिल्लांची आणि आमच्याकडे वीस. वाडीतल्या चार घरांनी मिळून आणली तरच परवडतं. ज्या घरी लस होते त्या घरची कोंबडी घ्या, हा माझा पहिला सल्ला.

दुसरं, बाजारात गावठी म्हणून दिसणारं सगळं गावठी नसतं. गिरिराज, वनराज या सुधारित जाती आहेत, त्याही परसात फिरतात, लवकर भरतात. वाईट काही नाही, पण गावठीच्या भावाने घेऊ नका. खरा गावठी कोंबडा खायला तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात, म्हणून तर राखणीच्या, म्हणजे राखणदार देवाला कोंबडा द्यायच्या दिवसांत भाव चढतो.

उलटं टांगण्याबद्दल म्हणाल तर आम्हीही तेच करत आलो, कारण घेणारा हँडलला लटकवूनच नेतो. डालग्यात घालून दिल्या तर डालगं परत येत नाही! तुम्ही स्वतः घरी येऊन, संध्याकाळी खुराड्यात शिरल्यावर घेतलात तर कोंबडा पळापळ न करता हातात येतो. दोन्ही पंख अंगाशी धरून छातीखाली हात घालून उचलायचा. पाय बांधायची गरजच पडत नाही.

खानावळवाला (धागाकर्ता)
परसातली ताई, पशुवैद्य साहेब, नेमकं हेच हवं होतं. दुकानदाराशी आज बोललो. शंकूला तयार आहे, पडदा म्हणजे जुना फ्लेक्स लावतो म्हणाला. पाण्याच्या भांड्यावरून थोडी कुरकुर झाली, पाणी प्यायलेली कोंबडी घाण जास्त करते म्हणे. आदल्या दिवशी मागणी देण्याचं मात्र त्यालाच आवडलं.

आता बुधवारी फक्त गावठी ठेवायचं ठरतंय. न्यायला आमच्याकडे आंब्याचे प्लास्टिकचे क्रेट पडून आहेत, ते चालतील का? एकात किती?

पशुवैद्य
चालतील, पण उंची बघा. कोंबडा बसल्यावर डोकं झाकणाला लागता कामा नये, गावठी नर उंच असतो. उथळ क्रेट असेल तर दुसरा त्याच्यावर उलटा ठेवून दोरीने बांधा. एकात तीन, फार तर चार. तळाला पेंढा घाला, नाहीतर नखं भोकांत अडकतात. दोन अनोळखी नर एकत्र घालू नका, वाटेतच झुंज लावतील.

परसातली
व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला आहे. माझ्याकडे या महिन्यात सहा नर आहेत, शेजारणीकडे चार, लस दोघींकडेही झालेली. तलंगा, म्हणजे वयात येणाऱ्या माद्या, विकणार नाही, त्या अंड्यांना ठेवल्यात. मंगळवारी काळोख पडल्यावर या, आणि क्रेट तुमचेच घेऊन या.